दाराची साखळी

खासदारसाहेब आज सभागृहात घसा बसेपर्यंत बोलले. परदेशातून आलेल्या ज्या माणसाला इथलं कोणी जामीन राहत नाही, त्याने देश सोडावा. सुरक्षेच्या बाबतीत दयामाया नको. बाकं वाजली, आणि साहेब तसेच आईकडे निघाले.

बेल वाजवल्यावर दार साखळीपुरतंच उघडलं. साखळी त्यांनीच बसवून घेतली होती.

"कोण हवंय?"

"आई, मी आहे."

"सगळे असंच म्हणतात." हल्ली तिला माणसं आठवेनाशी झाली होती. "माझा मुलगा शाळेत गेलाय. कुणाला आत घ्यायचं नाही असं बजावून गेलाय."

आतून आईला सांभाळणारी बाई ओले हात पुसत आली. ती परदेशातली. सकाळीच तिने विचारलं होतं, "साहेब, तुमचा तो नवा कायदा आला तर मला कोण जामीन राहील?" तेव्हा 'बघू' म्हणून साहेब घाईघाईने गाडीत बसले होते.

"तू ओळखतेस गं याला?" आईने तिला विचारलं.

बाईने फटीतून पाहिलं. साहेबांनी नजर खाली वळवली.

"ओळखते, आजी. चांगला माणूस आहे. घ्या आत."

"बघ हं. उद्या काही झालं तर?"

"मी आहे ना."

आईने साखळी काढली.

"ये बाबा. ही म्हणतेय म्हणून घेते हं तुला."