फणसाआडचा उपग्रह

शालनने फणसाची एकही फांदी तोडू दिली नाही. पानांच्या गर्दीत आभाळ कुठे मोकळं दिसतं, ते हेरत ती तीन दिवस परसात बसली. मग ओळंबा लावून खांब ताठ केला आणि डिश बोट-बोट सरकवत राहिली. जन्मात पहिल्यांदा डिश बसवणाऱ्या बायकोची ती चिकाटी मुकुंदराव थक्क होऊन पाहत होते.

"अहो, आला सिग्नल! या, बसा."

दोघांनी आपापले चष्मे काढून ठेवले. हे चष्मे ज्याच्या त्याच्या आवडीचा कार्यक्रम त्याच्यापुरता रचून दाखवायचे. बारा वर्षं दोघं एकाच सोफ्यावर बसून वेगवेगळं बघत आली होती. जुना उपग्रह मात्र साऱ्यांना एकच चित्र फुकट पाठवत होता.

टीव्हीवर लागलेल्या नाटकातल्या मामाने फेट्यात लाडू लपवले आणि तो व्याह्यांसमोर नमस्काराला वाकला. मुकुंदराव खो खो हसले. नेमकी त्याच क्षणी शालनही हसली.

दोघं दचकली.

"तुलाही लाडूच दिसले?" मुकुंदरावांनी हळूच विचारलं. "किती पडले, सांग बघू."

"पाच," डोळे पुसत शालन म्हणाली.

मुकुंदरावांनीही पाचच मोजले होते.