जेवतानाचा अबोला

तात्यापारा मोहल्ल्यात अख्ख्या गल्लीले माहीत होतं, कुमुदआजी जेवताना गप्प बसली म्हणजे ती नवऱ्यावर रुसली. आता आठ दिवस झाले, ताट समोर आलं की तिच्या तोंडाले कुलूप. जेवण झाल्यावर विचारलं तर म्हणे, "कुठं काय." नरहरआजोबांचा जीव टांगणीला लागला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बायको रुसली तर माणसानं जावं कुठं?

आज त्यांनी हार मानली. गुरगुट्या भाताचा घास कसाबसा उतरल्यावर म्हणाले, "डब्यातले लाडू मीच संपवले." आजीनं नुसतं ताटाकडे बोट दाखवलं. पुढच्या घासानंतर म्हणाले, "तुझ्या बहिणीले फोन केला म्हटलं, तो केलाच नव्हता." पुन्हा बोट. आजोबा पार घाबरले. "बरं, ऐक. तुझ्या भावाच्या लग्नात मले बुखार नव्हता. लग्नासाठी दुर्गले यायचाच कंटाळा आला होता."

आजीनं शेवटचा घास नीट उतरू दिला, मगच तोंड उघडलं.

"रुसलं कोण? डॉक्टर मले म्हणाले, 'वयानं तुमच्या नवऱ्याचा गळा सुस्त झाला, बोलता बोलता गिळलं तर घास भलत्या नळीत जाते. जेवताना तुम्ही गप्प राहा, म्हणजे तेही राहतील.'"

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर जिद्दीनं दुप्पट बोलले असते. झालं ना जेवण? आता सांगा, त्या बुखाराचं काय म्हणून राहिले होते?"

रोज अर्धा भात टाकून उठणाऱ्या आजोबांनी मुकाट्यानं ताट पुढे केलं.

"अजून थोडा वाढ."