घुमटाबाहेरची मोकळी जागा

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. चंद्रावरच्या एका ग्रामपंचायतीची गोष्ट ऐका.

हणमंतशेठ कारंड्यांनी नव्या घुमटात वसाहतीचे प्लॉट पाडले. नकाशावर सही करायची होती ग्रामसेविका इंदुताई साळोख्यांनी. लेआउटचा दहावा हिस्सा सगळ्यांसाठी मोकळा सोडायचा, हा नियम पृथ्वीवरूनच आलेला. शेठनी तो हिस्सा सोडला होता, पण घुमटाच्या बाहेर!

“शेठ, बाहेर हवा नाही.”

“नियमात हवेचा शब्द तरी आहे का, ताई? इथं हवा बनवावी लागते, ती रिकाम्या जागेला घालू? सही करा, नाहीतर बदली करवीन.”

“कुठं, चंद्राच्या मागच्या बाजूला? खुशाल करा. आधी जागेची पाहणी करू.”

दोघं हवाबंद पोशाख चढवून बाहेर आले. ताईंनी धुळीत सतरंजी अंथरली, शेठना बसवलं आणि त्यांच्या हाती टाळ दिले. शेठ गावाकडचे जुने टाळकरी. हात आपसूक चालले. आवाजच येईना. त्यांनी आणखी जोरात वाजवले.

“वाजत नाहीत हो,” शेठ हेल्मेटमधल्या रेडिओवर पुटपुटले.

“शेजारी बसलेल्याला टाळ ऐकू येत नाही, तिथं माणसं जमतील कशाला? मी सही करणार नाही.”

शेठ ते मुके टाळ घेऊनच उठले. मग आत जाऊन त्यांनी नकाशातले मधले प्लॉट स्वतःच्या हातानं खोडून तिथं मोकळा चौक आखला.

आता त्या चौकात कीर्तन रंगतं आणि पहिला टाळ शेठच धरतात. मंडळी, कुठं चार माणसांत ऐसपैस बसाल, तेव्हा आमच्या इंदुताईंची आठवण काढा.