तीन मिनिटांचा श्वास

सरकारी तज्ज्ञ डॉ. सबनिसांनी नाकाला नळी लावली आणि बाबाजी घुगऱ्यांच्या फुफ्फुसांत साठलेली रंग-कारखान्यातली बावीस वर्षं ओढायला सुरुवात केली. कायदाच तसा झाला होता. कामगाराचा सगळा श्वास तज्ज्ञानं तीन मिनिटांत स्वतः घ्यायचा, मगच निकाल द्यायचा. आजार कारखान्याचा ठरला तर बाबाजीला नवी फुफ्फुसं मिळणार होती. नाही ठरला तर त्याला दिवाळीसुद्धा दिसणार नव्हती.

दुसऱ्याच मिनिटाला डॉक्टरांचे डोळे पांढरे झाले. तिसऱ्याला ते बादलीत असं हिरवंगार, फेसाळ ओकले, की भिंतीवरची पाल शेपूट टाकून पळाली.

तोंड पुसत ते म्हणाले, "शेवटी काहीतरी गोड लागलं. काय खायचास रे?"

"गूळ, साहेब. धुळीवर उतारा म्हणून कंपनीच रोज खडा द्यायची."

"हां, सापडलं!" म्हणत डॉक्टरांनी लिहिलं, 'आजाराचे कारण : गूळ. कारखान्याचा संबंध नाही.'

बाबाजीला बादलीपेक्षा त्या कागदाची जास्त शिसारी आली.

"मग तुम्ही ओकलात कशानं, साहेब? गूळ काय हिरवा असतो?"

"मला गूळ सोसत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.