व्हॉल्व्हवरची खूण

गुरुदासने व्हॉल्व्ह उजेडाकडे धरला, तसा बाबली परब काउंटरवर अर्धा ओणवा झाला. दुकानदाराच्या दोन्ही हातांवर त्याचा डोळा होता. विहिरीवरच्या इंजिनासाठी नवा व्हॉल्व्ह घ्यायला तो वालावलहून कुडाळात आला होता खरा, पण गिऱ्हाइकाचा चांगला माल आत सरकवून भलताच त्याच्या गळ्यात मारायचा, ही बाजारातल्या दुकानांची रीत त्याला तोंडपाठ होती. असल्या दुकानाची पायरी तो आज पहिल्यांदाच चढला होता, ही गोष्ट वेगळी.

"तात्यानू, नवो घेव नकात," गुरुदास म्हणाला. "ह्यो झिजाक नाय."

बाबली सावध झाला. दारी आलेल्या गिऱ्हाइकाला नको म्हणणारा दुकानदार! नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

"म्हणजे ह्यो हय ठेवून जावचो?"

"कित्याक? घरी न्हेवा."

"मगे इंजिन सुरू कित्याक होयना?" बाबलीचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "आठ दिस झाले. पाणी नाय. बापाशीन लावललेल्यो पोफळी माना टाकूक लागल्यो."

गुरुदासने व्हॉल्व्हच्या गोल काठावरून नख फिरवलं. एका जागी ते अडलं.

"हय बगा. ह्यो चरो. व्हॉल्व्ह ह्या काठारच बसता. चऱ्यातसून दाब भायर सुटता, इंजिन लागतला कसा? कोणी कानस मारल्यान हय?"

बाबलीने काउंटरवरचा हात मागे घेतला.

कानस त्याचीच होती. गेल्या आठवड्यात गावच्या सत्यवान फिटरने इंजिन उघडलं, सगळं घासूनपुसून गोणपाटावर मांडलं आणि तो चहाला गेला. तेवढ्यात बाबलीने व्हॉल्व्हवर गुपचूप खूण केली. कोणी बदललाच तर ओळखता यावा. पुढे इंजिन जोडलं, ते काही सुरू होईना. उघडून बघितलं तर खूण जागच्या जागी. मग सत्यवानाने दुसरंच काहीतरी लांबवलं असणार, म्हणून बाबलीने त्याला चारचौघांत चोर ठरवलं होतं.

"तुमच्या गावच्या सत्यवानाक बोलवा," गुरुदास सांगत होता. "इंजिनातच बसवून घासूचो लागता. अर्ध्या तासाचा काम. त्याच्यासारखो हात ह्या तालुक्यात नाय." त्याने व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून पुढे केला.

बाबलीने पुडी घेतली. कोणत्या तोंडाने सत्यवानाच्या दारात उभं राहायचं, या विचाराने तो शरमला. पण खरी धास्ती त्याला भरली ती दुसऱ्याच आठवणीने. सोमवारी त्याने ग्रामदैवत रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून घेतलं होतं. ‘ज्यान ह्या इंजिनाचा वाटोळा केल्यान, त्याची बाग करपान जावंदे, म्हाराजा!’ देवळात जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं होतं. सगळ्यांत मोठ्याने बाबलीनेच.

पायरी उतरता उतरता तो मागे वळला.

"शेठ, घातलला गाऱ्हाणा मागे घेवक येता?"

गुरुदासने चमकून वर पाहिलं. "कोणार घातलात?"

"गाऱ्हाण्यात नाव घेवक नाय मी," बाबली म्हणाला.