तिसरा सायलेन्सर

माझी मोठी मोटरसायकल उसाच्या वळणावर गुरगुरली, की माझी बायको गंगा पराठ्यासारखे फराटे भाजायला तवा चढवायची. ती गुडलँड्स गावी कपड्यांच्या फॅक्टरीत लागली आणि तवा थंड राहू लागला. यंत्रांपायी बायकोचे कान गेले, असं समजून मी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं, तवा थंडच. दुसऱ्या सायलेन्सरने ऊस कोयत्याआधीच आडवा झाला. तिसरा निवडताना देवराज मेकॅनिक म्हणाला, "काका, याच्यापुढे आता तोफच."

त्या संध्याकाळी त्याच्या आवाजाने अख्खं गाव दारात आलं. गंगा भिंतीला टेकून पाय पसरून बसलेली.

"आता तरी ऐकू आलं का?" मी ओरडलो.

"हळू बोला. ऐकू पहिल्यापासूनच येतंय. दिवसभर मशीनपाशी उभी असते, घरी येऊन बसले की उठवत नाही. तवा कुठे असतो, दाखवू?"