निरोपाचे तीन चेंडू

मैदानातल्या पडद्यावर बेसबॉलचा क्रेन्स संघ जिंकतच होता. एकशे त्रेचाळीस मॅचपैकी शहाऐंशी हरून संघ यंदा तळाला गेला होता, पण वर्षाचा आढावा म्हणून क्लबने केलेल्या सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये हरण्याचा मागमूस नव्हता. आठवा डाव संपला होता, आणि मैदानाच्या कडेला खांदा मोकळा करत चेंडू टाकणारा पिचर हिदाका ती फिल्म बघत होता. मे महिन्यात तो स्वतः तीन सेकंद दिसला. बॅटरचा तिसरा फटका हुकला, हिदाकाने मूठ उगारली, आणि लगेच जून लागला.

"इथेच कापलं," तो म्हणाला.

"बरं केलं. माझी लाज राहिली," कॅचर कुवाहारा म्हणाला.

त्या दिवशी तो चेंडू कुवाहाराच्या हातून निसटला होता. तीन चेंडू हुकले की बॅटर बाद; पण तिसरा चेंडू मागच्या कॅचरला धरता आला नाही, तर हुकलेल्या बॅटरलाही पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते, आणि चेंडू तिथे त्याच्याआधी पोचला तरच तो बाद. तो बॅटर पळाला, वाचला, आणि त्याच्याच एका धावेने मॅच गेली.

"जीव तोडून पळाला होता तो," हिदाका म्हणाला.

"आज कशाला ते उकरून काढताय? आज सगळे तुमच्यासाठी आलेत."

सगळे आले होते खरे, आणि त्याचीच हिदाकाला धास्ती वाटत होती. ऑगस्टमध्ये क्लबच्या साहेबांनी त्याला चहा पाजून समजावलं होतं. स्वतःहून निवृत्त झालात तर फुलं, भाषण आणि आमच्या बेसबॉल शाळेत नोकरी. नाही तर नुसतं पत्र. हिदाकाने सही केली होती. निवृत्त होणाऱ्या पिचरला शेवटच्या मॅचमध्ये एकच बॅटर देतात, आणि तो बॅटर तीनदा हवेत बॅट फिरवून आपणहून बाद होतो. रीतच आहे ती. दुसऱ्यांच्या वेळी हिदाकानेही टाळ्या वाजवल्या होत्या, डोळे पुसले होते.

आज मात्र आपल्यात अजून दम आहे का, याचं त्याला खरं उत्तर हवं होतं. संघ नसलेल्या खेळाडूंची नव्या संघासाठी नोव्हेंबरात चाचणी असते. समोरचा बॅटर खरोखर बाद झाला, तर सही आणि नोकरी दोन्हींवर पाणी सोडून तो त्या चाचणीला जाणार होता. फटका बसला, तर निमूटपणे घरी. म्हणून दुपारी त्याने त्या बॅटरला बोळात गाठलं होतं. अमानो समोरच्या संघाचा असला तरी हिदाकाच्याच शाळेचा, चौदा वर्षांनी धाकटा.

"खरं खेळ. प्रेक्षकांत मारलास तरी चालेल."

"हो, हिदाकासान."

"हो म्हणू नकोस रे. खेळ."

"हो."

शेवटच्या, नवव्या डावाला हिदाकाचं नाव पुकारलं आणि अख्खं मैदान उभं राहिलं. प्रेक्षकांतले कर्णेवाले त्याच्या नावाचं गाणं वाजवू लागले. गाणं जुनंच, पण आज त्याची चाल कुणीतरी संथ केली होती.

पहिला चेंडू त्याने जीव ओतून टाकला. फलकावर ताशी एकशे एकेचाळीस किलोमीटरचा वेग उमटला, वर्षभरातला त्याचा सगळ्यात जास्त. चेंडू कुवाहाराच्या हातात विसावल्यावर अमानोने बॅट फिरवली. टाळ्या पडल्या. हिदाकाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. अमानो जमिनीकडे बघत होता.

दुसरा चेंडू त्याने मुद्दाम हळू, सरळ, ताटात वाढल्यासारखा दिला. शाळेतल्या पोरीनेही तो टोलावला असता. अमानोची बॅट त्याच्या वीतभर वरून गेली. मागे कुणीतरी हुंदका दिला.

चांगला टाकला तरी बाद, वाईट टाकला तरी बाद. मग याला खेळायला लावायचं तरी कसं? हिदाकाला मे महिना आठवला. त्याने हात मागे नेला आणि चेंडू कुवाहाराच्या डोक्यावरून चार हात उंच भिरकावला.

अमानोने तरीही बॅट फिरवली.

चेंडू मागच्या कुंपणावर आपटला आणि गवतात पडला. "पळ!" हिदाका ओरडला. "अमानो, पळ!" कर्ण्यांच्या गजरात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. अमानोने हेल्मेट काढलं आणि तो कमरेत वाकला. कुवाहारा मुखवटा काढून डोळे टिपत होता. चेंडू आणायचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हिदाका स्वतःच धावला. चेंडू उचलून तो पहिल्या बेसकडे वळला. तिथला गडी ग्लोव्ह काखेत मारून टाळ्या वाजवत होता. पायऱ्यांवरून क्लबची माणसं फुलं घेऊन निघाली होती.

चेंडू हातात घेऊन तो अमानोपाशी आला.

"पळायचं होतंस रे."

"हो, हिदाकासान," अमानो म्हणाला, आणि आणखी खाली वाकला.